पाळण्यातली बैठक

सोमवारी पार्क बंद असतो, म्हणून घरातली भांडणं सोमवारी.

हा नियम बाबांचा. दुसरा नियमही त्यांचाच: मोठा निर्णय घ्यायचा असेल तर आकाशपाळण्यात बसून घ्यायचा. त्याला कारण होतं. धडकगाड्या आणायच्या की नाही यावरून बाबांचा सख्खा भाऊ एकदा भरल्या ताटावरून उठून गेला आणि अकरा वर्षांनी परत आला, तोही छत्री राहिली होती म्हणून. तेव्हा बाबांनी ठरवलं, की जिथून उठून जाता येत नाही अशाच ठिकाणी बसून बोलायचं. जमिनीपासून पन्नास फुटांवर माणूस रागावतो, तोंड फिरवतो, पण उठत नाही. ज्याला पटलं त्याने आपल्या डब्यातून पांढरा रुमाल बाहेर धरायचा. सगळ्यांचे रुमाल दिसले की पाळणा थांबवायचा. एकमत होईपर्यंत थांबवायचा नाही.

आता पाळणा फिरवायला खाली कुणीतरी लागतं. ते काम मधलीचं.

मधली म्हणजे थोरला आणि धाकटा या दोन भावांच्या मधली बहीण. वय एकोणपन्नास, वजनही एकोणपन्नास. पार्कातलं जे जे फिरतं, सरकतं, आपटतं, ते सगळं तिच्या हाताखालचं. एकविसाव्या वर्षी बाबांनी तिच्या हातात पाळण्याचा दांडा दिला, तो अठ्ठावीस वर्षं झाली तरी हातातच होता. मागणी घालायला तिघे आले होते. तिघेही धडकगाड्यांत बसून गेले, आणि बरं वाटलं म्हणाले.

त्या सोमवारी सकाळी दहा वाजता सगळे पाळण्याखाली जमले. विषय जुनाच होता. पार्काला जागा मोठी आणि आत काही नाही. एक आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, सातापैकी चार धडकगाड्या, तळ्यात पायडलची दोन बदकं. बाकी गवत. गवतात बाबांनी जागोजागी पाट्या रोवल्या होत्या, ‘येथे लवकरच’ आणि पुढे जे यायचं त्याचं नाव. उन्हाने नावं उडाली. ‘लवकरच’ तेवढं राहिलं, कारण ते लाल रंगात होतं. गेल्या महिन्यात एका शाळेने सहल रद्द केली. त्या शाळेच्या बाईंनी आदल्या वर्षी अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवलं होतं, ‘मुले रमली. आम्ही उभे होतो.’

तर कुटुंबांसाठी काहीतरी नवं आणायचं, आणि काय ते आज ठरवायचं, कारण उद्या धाकट्याच्या ओळखीच्या कंपनीचा माणूस सही घ्यायला येणार होता. धाकटा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. पार्कात तो वर्षाला तीन दिवस येई आणि तीन दिवसांत वर्षभराचं सांगून जाई.

मधलीने माणसं भरायला घेतली. पाळण्यात माणसं मनाप्रमाणे बसत नाहीत, वजनाप्रमाणे बसतात. आठ डबे, आणि समोरासमोरच्या डब्यांत वजन सारखं हवं, नाहीतर मोटर कण्हते. त्यामुळे या घरात कोण कुणाच्या बाजूचं हे रक्तावर नाही, काट्यावर ठरत आलं होतं. दोन नंबरच्या डब्यात आई, बावन्न किलो, आणि तिच्या शेजारी वाळूची गोणी, अडुसष्ट किलो. गोणी म्हणजे बाबा. नऊ वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांच्या जागेचा तोल राहीना, म्हणून मधलीने त्यांच्या वजनाची गोणी शिवून घेतली होती. शिवणीतून वाळू गळायची, तेव्हा दर बैठकीआधी दोन मुठी भरून काटा जुळवावा लागे. गोणीच्या तोंडाला बाबांचाच पांढरा रुमाल बांधलेला होता. म्हणजे बाबा गेल्यापासून प्रत्येक ठरावाला बाबांची संमती होती. जिवंतपणी एकालाही नव्हती.

समोर सहा नंबरात धाकटा आणि थोरल्याची मुलगी, म्हणजे मधलीची भाची. एकोणीस पूर्ण झाली म्हणून तिची ही पहिलीच बैठक. चार नंबरात थोरला एकटा, शहाण्णव किलो. त्याच्या समोर आठ नंबरात त्याची बायको, एकसष्ट किलो, आणि पायाशी पस्तीस किलोचं लोखंड. नवरा-बायको कायम समोरासमोरच्या डब्यांत बसत. एक वर तर दुसरं खाली. त्यांचा संसार सुखाचा होता.

बसण्याआधी सगळ्यांनी हातातलं मधलीकडे दिलं. हेही दर वेळचं. वरून चप्पल पडते, म्हणून चपला. पर्सा, पाण्याच्या बाटल्या, आईची काठी, वहिनीची तपासायच्या पेपरांची पिशवी. वहिनी शाळेत शिकवायची. शेवटी धाकट्याने काखेतली गुंडाळी तिच्या हातात दिली.

“ताई, हा नकाशा जरा धर. वर वारा असतो.”

आणि मधलीने दांडा पुढे सारला.

मंद वेगात एक फेरी दोन मिनिटांची. त्यातला जेमतेम पाव भाग डबा तिच्या कानाच्या टप्प्यात असे. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांत तिने घरातलं प्रत्येक भांडण तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, आणि मधलं आपल्या मनाने भरलं होतं. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. या घरात एकदा माणूस ओळखलं की त्याचं उरलेलं वाक्य आपल्यालाही म्हणता येतं.

थोरल्याला भूतबंगला हवा होता. जुनी जनरेटरची खोली रिकामी आहे, काळा रंग मारायचा, आणि भुताचा आवाज तो स्वतः काढणार. तीस वर्षं तो पार्काच्या भोंग्यावरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारत होता. त्याला कधीपासून दुसरं काहीतरी बोलायचं होतं. वहिनीचं म्हणणं होतं, आधी सावली आणि बाक आणा, मग भुतं आणा. भाचीला फोटो काढण्यासारखी एक तरी भिंत हवी होती. आईला तिसरं बदक हवं होतं. का, ते तिने सांगितलं नाही. दोन बदकांत एक कायम एकटं दिसतं, एवढं ती गोणीला म्हणाली.

धाकट्याचं मात्र तयार होतं. पाण्याची घसरगुंडी. तीन वळणांची, निळी, खाली मोठा हौद. तो दर वाक्यात ‘फॅमिली’ म्हणत होता. घरच्यांना सोडून बाकी सगळ्या जगाची फॅमिली त्याच्या तोंडात होती.

वारा सुटला आणि गुंडाळी मधलीच्या काखेतून सुटायला लागली. तिने ती विजेच्या पेटीवर पसरली, चार कोपऱ्यांवर खिशातले चार लोखंडी पाने ठेवले, आणि मग साहजिकच पाहिली.

चित्र सुबक होतं. पाळणा होता, घोडे होते, तळं होतं. पार्कात नसलेली झाडं होती आणि त्यांच्याखाली तोंड नसलेली माणसं फुगे घेऊन उभी होती. घोड्यांच्या मागे जिथे मधलीची शेड होती, तिथे निळी घसरगुंडी तीन वळणं घेऊन उतरत होती. मधलीला वाटलं आपण उलटं धरलंय. तिने कागद फिरवला. मग शेड कुठूनच दिसेना.

ती शेड पत्र्याची होती. आत एक लेथ, एक व्हाइस, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याची रंगाने काढलेली आकृती, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच कळावं. एका कोपऱ्यात बंद पडलेल्या तीन धडकगाड्या सांगाडे उघडे टाकून पडलेल्या. उन्हाळ्यात आत उभं राहवत नसे आणि मधली आत उभी असे. तिचं सगळं आयुष्य त्या पत्र्याखाली होतं म्हटलं तर ती हसली असती, पण दुसरं कुठे होतं म्हणून विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. ‘देखभाल व दुरुस्ती: कंपनीकडे.’ ‘तिकीट खिडकीऐवजी यंत्र.’

तिने कागद होता तसा गुंडाळला. पाने खिशात टाकले. पाळण्याचा वेग तिने जराही कमी-जास्त केला नाही. ती कामाची बाई होती.

चौथ्या फेरीला धाकटा वरून येता येता म्हणाला, “ताई, मला दादाबरोबर बसव.”

डबे बदलायचे तर पाळणा थांबवायचा, आणि तेवढी मुभा नियमात होती. तिने मनात बेरीज केली. भाऊ-भाऊ मिळून एकशे सदुसष्ट. समोर आई, गोणी आणि भाची, एकशे अडुसष्ट. वहिनी एकटी, आणि तिच्या समोर साठ किलोचं लोखंड. वहिनीला आता वाद घालायला लोखंडाशिवाय कुणी नव्हतं. तिने सावलीचा मुद्दा त्यालाही समजावून सांगितला असणार; ती चांगली शिक्षिका होती.

भाऊ पहिल्यांदा खालून गेले तेव्हा भूतबंगल्याचं चाललं होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा भूतबंगला घसरगुंडीच्या पायथ्याशी आला होता, कंपनीच्या जाहिरातीसकट. तिसऱ्यांदा थोरल्याचा आवाज खाली उतरला, म्हणजे त्याला लाज वाटत होती.

“आणि मधलीचं काय?”

“ताईचं काय, ती आहेच,” धाकटा म्हणाला. “तिला बरंच वाटेल. अजून किती वर्षं ग्रीसमध्ये हात घालणार?”

डबा वर गेला.

तर ती ‘आहेच’. या तीन अक्षरांवर कितीतरी घरं उभी आहेत. चूल आहेच, नळ आहेच, ती आहेच. जो असतोच त्याला विचारत नाहीत. जो वर्षातून तीन दिवस येतो त्याला बसायला पाट आणि वर मत. घरात काम करणाऱ्याला मत नसतं, कारण मत द्यायला बसावं लागतं, आणि तो बसलेला नसतो. हे मधलीला आज कळलं असं नाही. आज ते रंगीत छापून आलं होतं, एवढंच.

मग रुमाल दिसायला लागले. आधी भावांचे. भाचीला घसरगुंडीची भिंत फोटोसाठी मिळणार होती; तिचा रुमाल आला. वहिनीला हौदाभोवती चार छत्र्या कबूल झाल्या होत्या, ते तिला खाली येताना ओरडून सांगण्यात आलं, तिचाही आला. आईचे गुडघे धरले होते. तिने रुमाल काढला तो सुटका म्हणून. बाबांचा होताच.

मधलीने दांडा होता तिथेच ठेवला.

एक फेरी झाली. वहिनी खालून जाताना म्हणाली, “वन्सं, रुमाल दिसले नाहीत का?”

“दिसले.”

थोरला आला. “अगं, झालं एकमत.”

मधलीची नजर मोटरच्या पट्ट्यावर होती. पट्टा चांगला होता.

पुढच्या फेरीला थोरल्याने मशीन बिघडलं का म्हणून विचारलं. मशीन उत्तम आहे, ती म्हणाली. मग थांबत का नाही? एकमत झालेलं नाही, ती म्हणाली. एवढ्यात डबा उचलला गेला आणि थोरल्याला पुढचा प्रश्न दोन मिनिटं तोंडात धरून बसावं लागलं. खाली आला तो हिशेब घेऊनच आला.

“आम्ही मोजले. आमचे पाच आणि बाबांचा सहावा.”

“आपण सात आहोत,” मधली म्हणाली.

सातवं कोण हे शोधायला दोघा भावांना अख्खी फेरी लागली. धाकट्याला आधी सुचलं, तो हुशार होता. खाली येता येता त्याने आवाज मऊ केला, ऑफिसात कुणाला काढून टाकताना करत असेल तसा. म्हणाला, ताई, तुझं जे काही म्हणणं आहे ते आपण खाली उतरून शांतपणे बोलू.

“खाली उतरल्यावर या घरात कुणी बोलत नाही. म्हणून तर बाबांनी वर बसवलं.”

त्यावर आईने हाक मारली. आईचा डबा खाली यायला वेळ होता, पण तिकीट खिडकीत चाळीस वर्षं बसलेल्या बाईचा आवाज गर्दी कापतो. तिने आपला डबा खाली आल्यावर थांबवायला सांगितलं. मधलीने थांबवला. भाऊ वर, टोकाला, अधांतरी राहिले.

आईने विचारलं, काय झालं ते नीट सांग. मधलीने सांगितलं नाही. गुंडाळी उघडून आईच्या मांडीवर ठेवली आणि दोन जागांवर बोट ठेवलं. पहिल्यांदा शेडच्या, मग खिडकीच्या. आईने चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. भाची आजीच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

“माझ्या खिडकीत यंत्र बसवणार?”

“हो.”

“सुट्टे कुणाकडे मागतील लोक?”

मधलीला हे माहीत नव्हतं. आईने आपला रुमाल घडी करून कमरेला खोचला. मग शेजारी वळून, दोन्ही हातांनी, गोणीच्या तोंडाचाही रुमाल सोडला. नऊ वर्षांची गाठ, सुटायला वेळ लागला. भाचीने स्वतःचा रुमाल हळूच आत घेतला.

“माझ्याही लक्षात आलं नाही हो,” आई म्हणाली. “इतकी वर्षं वरून मोजत होते. खाली तू असायचीस, मोजणारी. मोजणाऱ्याला कोण मोजतं?” आणि लगेच, खिडकीतल्या आवाजात, “थोरल्याला खाली आण. तो दांडा धरेल. तू वर बस.”

थोरल्याने आयुष्यात दांडा धरला नव्हता. तो उतरला, अनवाणी, गवतावर उभा राहिला. मधलीने त्याला समजावलं: पुढे म्हणजे चालू, मागे म्हणजे ब्रेक, दोन्ही हळू, आणि पट्ट्याजवळ सदरा न्यायचा नाही. मग तिने सगळ्यांच्या पर्सा, बाटल्या, काठी, पेपरांची पिशवी आणि नकाशा त्याच्या हातांत दिला. चपला त्याने काखेत घेतल्या. तिने पुन्हा बेरीज केली. धाकटा आणि ती, एकशे वीस. समोर आई आणि गोणी, एकशे वीस. वहिनी एकसष्ट, समोर भाची आणि तिच्या पायाशी नटबोल्टांची बादली. सगळं जुळलं. तिच्या जागेचं वजन कुणी कधी धरलं नव्हतं, तरी जुळलं.

पाळणा हिसका देऊन सुटला. मधलीच्या मनात आलं, हळू म्हणून सांगितलं होतं.

धाकटा तिच्या समोर बसला होता, गुडघ्याला गुडघा लावून. इतक्या जवळून तिने त्याला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. कपाळ मागे सरकलं होतं. त्याने विचारलं, बोल, तुझ्या मनात काय आहे? घसरगुंडी नको, तर काय हवं?

ती म्हणाली, तिला काही नको होतं. घसरगुंडीलाही तिची ना नव्हती; फक्त ती खालून काय दिसतं तेवढं सांगू शकत होती. पाळण्याशी कुटुंब येतं. पोरं बसतात, बाप बसतो, आत्या बसते. एक माणूस बसत नाही. ते पिशव्या धरतं. कधी आई असते, कधी आजोबा, कधी नवी सून. ते वर बघून हात हलवतं, सगळे उतरले की त्यांच्या चपला पुढे करतं. मागच्या रविवारी तिने मोजलं होतं. एकशे बारा कुटुंबं आली. एकशे नवांमध्ये एक जण खाली.

“आणि उरलेली तीन?”

“त्यांच्याकडे पिशव्या नव्हत्या.”

धाकटा हसला नाही. तीही नाही.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की शेडच्या पुढच्या अर्ध्या भागात पिशव्यांची खोली करायची. फळ्या, नंबराचे बिल्ले, चपलांनाही कप्पे. तो भाग ती देत होती. मागचा अर्धा तिचा. आणि मोडक्या तीन धडकगाड्यांची मिळून तिने एक लांब गाडी जोडायला घेतली होती, सहा माणसं समोरासमोर बसतील अशी, चालीच्या वेगाने पार्काभोवती फिरणारी. तान्हं मूल मांडीवर चालेल, गुडघे दुखणारं माणूस चालेल. सांगाडा झाला होता. तो बघायला शेडमध्ये कुणी आलं नव्हतं.

धाकटा समजुतीने म्हणाला, “ताई, यात आकर्षण काय आहे? लोक काय पिशव्या ठेवायला पार्कात येतात?”

“घरातून निघायचं की नाही हे कोण ठरवतं?”

“म्हणजे?”

“पिशव्या जो भरतो तो ठरवतो. पाणी, टॉवेल, पोराचे जादा कपडे. इथे तोच दोन तास उन्हात उभा राहतो. मग पुढच्या सुट्टीला पोरं विचारतात तेव्हा तोच म्हणतो, नको बाई, काय आहे तिथे. तू त्याच्या अंगावर तीन वळणांची घसरगुंडी आणतोयस. ओले कपडेही तोच धरेल.”

यावर धाकट्याकडे आकडे होते, पण ते नकाशाच्या मागच्या बाजूला छापलेले होते आणि नकाशा खाली होता.

डबा टोकाला आला. मधलीने पाळण्याचं टोक हजारदा पाहिलं होतं, ग्रीस घालायला चढून, पाळणा बंद असताना, नजर बेअरिंगवर. बसून ती पहिल्यांदा बघत होती. गवत पार कुंपणापर्यंत पसरलं होतं. त्यात सगळे ‘लवकरच’ एका नजरेत दिसत होते. तिच्या शेडचं छप्पर एका कोपऱ्यात उचललं होतं. तिथे दोन स्क्रू हवे होते. आणि खाली, बोटाएवढा, थोरला. तो वर तोंड करून काहीतरी म्हणत होता, तोंड मोठं उघडत होतं.

“दादा काय म्हणतोय?”

“कोण जाणे. वर खालचं काही ऐकू येत नाही.” धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. “तुला माहीत नव्हतं?”

नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ती खालून हाका मारत होती. घोड्यांच्या वेळी, बदकांच्या वेळी, बाबांच्या आजारपणात डॉक्टर बदलायचं ठरलं तेव्हाही: अरे, मलाही काही म्हणायचंय. वर सगळे समोर बघत बसलेले दिसायचे. तिला वाटायचं ऐकून गप्प बसतात. त्या गप्प बसण्यावर तिने किती राग साठवला होता, शेड भरून. आणि यांना ऐकूच येत नव्हतं.

राग कमी झाला असं नाही. फक्त ठेवायला जागा राहिली नाही.

“खाली आल्यावर तर ऐकू येत असेल,” ती म्हणाली.

“खाली आल्यावर लगेच वर जायची वेळ होते ग.”

हे तो खरं बोलला. त्याच्या लक्षातही आलं असावं, कारण तो आपल्या अनवाणी पायांकडे बघायला लागला.

खाली थोरला अडचणीत होता. एक हात दांड्यावर, दुसऱ्या खांद्यावर दोन पर्सा, काठी बगलेत. जाताना तो घाईघाईने म्हणाला, की त्याला पाच मिनिटं जाऊन यायचंय, कुणी येईल का. कुणी येऊ शकत नव्हतं. मागच्या डब्यातून वहिनीने सांगितलं, पर्स खाली ठेवू नका, गवत ओलं आहे. पुढच्या फेरीला त्याने विचारलं, किती वेळ लागेल. त्याच्या पुढच्या फेरीला तो कुणाकडे न बघता म्हणाला, पिशव्यांना खोली पाहिजे. भूतबंगला नंतर बघू. जो बदल कुणाच्याही समजावण्याने तीस वर्षांत झाला नव्हता तो सहा मिनिटांत झाला. खालून वहिनी वर जाताना तिने नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं. असा, सामानासकट, तिने त्याला लग्नानंतर प्रथमच पाहिला होता. तिचा छत्र्यांवरचा विश्वास उडाला आणि बाकांवर परत बसला.

आईने रुमाल काढला. बाबांचाही पुन्हा बांधला, या वेळी सुरगाठ. भाचीचा आला, वहिनीचा आला. राहिला धाकटा.

डबा टोकाला होता तेव्हा त्याने खाली पाहिलं आणि पाहतच राहिला. मधलीनेही पाहिलं. थोरल्याने शेवटी मार्ग काढला होता. ओल्या गवतावर त्याने काहीतरी मोठं, रंगीत अंथरलं होतं. त्यावर पर्सा मांडल्या होत्या, बाटल्या, पेपरांची पिशवी, आणि कडेने सगळ्यांच्या चपला, जोडीने. निळी घसरगुंडी बाटल्यांच्या मधून तेवढी दिसत होती.

धाकट्याने नजर तळ्याकडे वळवली.

“तळ्याच्या पलीकडे जागा आहे,” धाकटा म्हणाला. “घसरगुंडी तिथेही बसते.”

“बसते. उतारही चांगला आहे.”

“शेड राहू दे.”

“देखभाल?”

त्याने उत्तराऐवजी रुमाल काढला, झटकला आणि डब्याच्या बाहेर धरला. ती थांबली. नुसत्या रुमालावर तिचा विश्वास नव्हता. खाली येईपर्यंत तिने वाट पाहिली आणि थोरल्याच्या कानांवर जाईल असं म्हणाली, “मोठ्याने सांग.”

“देखभाल ताईकडे,” धाकटा मोठ्याने म्हणाला. “लिहून घेतो उद्या.”

मग मधलीने खिशात हात घातला. तिला कुणी कधी रुमाल दिला नव्हता, लागलाच नव्हता. खिशात हात पुसायची चिंधी होती, कधीकाळी तिचा रंग कोणता होता ते देव जाणे, आता ग्रीसने काळीकुट्ट. तिने ती बाहेर धरली.

खाली थोरल्याने मान वर करून मोजायला सुरुवात केली. बोटाने मोजत होता, एकेक डबा. पांढरे पाच. स्वतःचा त्याने दांड्याला बांधला होता, तो सहावा. पुन्हा मोजले. सातवा त्याला दिसेना. सगळ्यांनी वरून हातवारे केले, ओरडले. भाचीने तर आत्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या एकदम ओरडण्यातला एकही शब्द त्याला कळला नाही. त्याने मान हलवली, हात हलवून नाही म्हणून सांगितलं, आणि सात बोटं वर करून दाखवली. सात झाल्याशिवाय तो थांबवणार नव्हता.

“आता हा तासभर थांबवत नाही,” धाकटा म्हणाला. “माझा घे रुमाल, ताई. दाखव त्याला.”

मधलीने पाठ मागे टेकली. पाय सैल सोडले. तिच्या चपला खाली, नकाशाच्या कडेला, जोडीने ठेवलेल्या होत्या.

“असू दे,” ती म्हणाली. “मोजू दे त्याला.”